दिवा गार होईपर्यंत

पाच सिनेमे निवडायचे आहेत.
पेपर सहावा: वंशसंहार आणि शासनाचा प्रतिसाद.
तीस तासिका, दोन श्रेयांक,
भुसावळ, एप्रिल, त्रेचाळीस अंश.
कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून
मी रात्री एकटी बघत बसते,
आवाज बंद, कारण बारक्याची परवा परीक्षा.
आवाज नसला की मरणारे आणि मारणारे
सारखंच तोंड उघडतात.

पहिला मी काढून टाकला.
त्यात सगळ्यात जास्त प्रेतं होती
आणि सगळ्यात चांगलं व्हायोलिन.
पोरं रडतील, नाक पुसतील,
गेटबाहेर कचोरी खाऊन मोकळी होतील.
मला ती मोकळी व्हायला नको आहेत.
(हे अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत कसं लिहायचं?)

दुसऱ्यात एक परदेशी अधिकारी
फोन कानाला लावून उभा.
पलीकडून: थांबा.
नदीच्या त्या काठाला धूर.
थांबा.
हा ठेवला.

तिसरा भंगाळे सरांच्या आवडीचा.
शेवटी काही माणसं वाचतात हो, म्हणाले,
पोरांना तेवढंच बरं वाटेल.
नेहेते मॅडमनी विचारलं, आणि आपल्याकडचा एखादा?
समितीच्या खोलीत सगळ्यांनी
आपापल्या चहाकडे पाहिलं.
पुढच्या बैठकीत पाहू, असं कुणीतरी म्हणालं.
मीच म्हणाले.

चौथ्यात हेच वाक्य आहे.
एक तास चौतीस मिनिटं नुसती बैठक.
तो शब्द वापरायचा की नाही?
वापरला तर काहीतरी करावं लागेल,
म्हणून एक बाई पेन्सिलने तो खोडते,
वर लिहिते, ‘घटना’.
अक्षर सुंदर आहे तिचं.

सुकलाल भोई प्रोजेक्टर उचलता उचलता विचारतो,
“मॅडम, यामा मारामारी शे का?”
नाही.
“मंग पोरं थांबतीन का?”
तेच तर बघायचंय, सुकलाल.

पाचवा रेल्वेचा.
एक कारकून पट्टी धरून वेळापत्रक आखतो.
मालगाड्या.
जाताना भरलेल्या, येताना रिकाम्या.
रिकाम्यांचीही नोंद तो चुकवत नाही.
इथे अर्धा वर्ग रेल्वे क्वार्टरमधला,
कुणाचे वडील यार्डात, कुणाची आई तिकीट खिडकीवर,
घरातलं दूध, झोप, लग्नाच्या तारखा
ड्युटीच्या तक्त्यावर ठरणाऱ्या.
हा दाखवावा का, यात माझ्या तीन रात्री गेल्या.

शुक्रवारी दाखवला. सतरा जण.
पडद्यावर डबा, डब्याला वर एक फट,
फटीत बोटं.
कुणी रडलं नाही.
मागच्या बाकावरून हमीदा तडवी, सावद्याची,
मंडीतला भाव सांगावा तशी बोलली,
“मॅडम, आमच्या केळीच्या वाघिणींना झडपा असतात.
बंद डब्यात माल काळा पडला तेव्हा
आजोबांनी स्टेशनमास्तरकडे अर्ज केला होता.
इथे कुणी केला होता का?”

माझ्याकडे टिपण होतं,
सालं होती, तळटीप होती.
मी चष्मा पुसला.

पिक्चर संपला, कुणीतरी बटनाकडे गेलं.
“हात लावू नका रे,” दारातून सुकलाल,
“आतला पंखा चालू राहू द्या.
दिवा गार झाल्याबिगर बंद केला तं फुटस.”

मग बसलो,
पांढऱ्या पडद्यासमोर, पंख्याच्या घरघरीत.
यार्डात शंटिंग चाललं होतं,
डबा डब्याला लागत गेल्याचा आवाज
लांबपर्यंत,
मग इंजिनाचाही नाही.

यादी सोमवारी द्यायची आहे.
तीन नावं लिहिलीत, खाली दोन रेघा.
आपल्याकडचा एखादा,
नेहेते मॅडम विचारत होत्या.